बोटभर जाडीचा टीव्ही : सहा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात आम्ही ५५ इंची एलईडी टीव्ही घेतला आणि तेव्हापासून, म्हणजे जवळपास सहा महिने, तो जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे दुकानातील किमती आठेक टक्क्यांनी उतरल्या होत्या. वाचलेले ते पैसे आम्ही चांगल्या चित्रासाठी न वापरता जाडी कमी करण्यात घालवले, असे आज हिशेब मांडताना वाटते. टीव्हीच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जी वैगुण्ये सांगणार आहे ती एका कंपनीची नाहीत. एवढ्या कमी जाडीत दिवे, पत्रे आणि पॅनेल बसवायचे ठरवले की ती थोड्याफार फरकाने कोणाच्याही वाट्याला येतात.

नवी पेठेतील ज्या दुकानात आम्ही गेलो, तेथे एका भिंतीवर वीसेक टीव्ही चालू होते आणि सर्वांवर एकच चित्रफीत फिरत होती: पोपट, फुलपाखरे, कापलेले डाळिंब, समुद्रकिनारा. अंधाराचे एकही दृश्य त्यात नव्हते. विक्रेत्याने आमच्या टीव्हीचा पडदा दाखवण्याआधी त्याची कड दाखवली. "बघा की सर, बोटाएवढा बी न्हाई," असे म्हणून त्याने खरोखरच करंगळी लावून दाखवली. ते खोटे नव्हते. वरच्या दोन-तृतीयांश भागात टीव्ही जेमतेम एक सेंटीमीटर जाड आहे. खालच्या भागात मात्र सर्किट आणि स्पीकर असल्यामुळे जाडी पाच सेंटीमीटरच्या वर जाते, आणि तिकडे करंगळी कोणी लावत नाही. दुकानात डोक्यावर पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या रांगा असतात आणि टीव्ही सर्वाधिक प्रखर, निळसर छटेच्या मोडवर ठेवलेले असतात. अशा उजेडात करडा रंगही काळाच दिसतो, म्हणून काळ्या रंगाची परीक्षा तेथे होऊच शकत नाही.

"एलईडी टीव्ही" या नावाने होणारा घोटाळा आधी निस्तरला पाहिजे. हा टीव्ही म्हणजे जुना एलसीडी टीव्हीच आहे; बदलला आहे तो फक्त पडद्यामागचा दिवा. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही, मागून येणारा प्रकाश अडवण्याचे किंवा सोडण्याचे काम करते, आणि ध्रुवक, रंगगाळण्या वगैरे थरांतून जाता जाता मूळ प्रकाशाचा दहावा हिस्सादेखील डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. पूर्वी हा प्रकाश पडद्यामागे आडव्या लावलेल्या बारीक नळ्या देत. पुढे त्यांची जागा एलईडींनी घेतली. सोनीने २००४ साली एलईडी बॅकलाइटचा टीव्ही बाजारात आणला तेव्हा दिवे पडद्याच्या मागेच होते आणि टीव्ही चांगला जाडजूड होता. २००८ साली त्याच कंपनीने ४० इंची टीव्ही सर्वांत पातळ जागी ९.९ मिलिमीटरवर आणला, तेव्हा दिवे मागून उचलून कडेला नेले गेले होते. सॅमसंगने २००९ मध्ये कडेच्या दिव्यांची मालिका "एलईडी टीव्ही" याच नावाने जगभर विकली आणि ते नाव रूढ झाले. त्यामुळे एलईडी म्हणजे चांगले चित्र आणि पातळ म्हणजे आधुनिक, ही दोन समीकरणे गिऱ्हाइकाच्या मनात एकत्र बसली. प्रत्यक्षात दिवे कोठे आहेत या एका प्रश्नावर चित्राचा बराचसा दर्जा ठरतो, आणि तो प्रश्न दुकानात मीही विचारला नाही.

आमच्या टीव्हीत सगळे एलईडी खालच्या कडेला एका पट्टीवर आहेत. त्यांचा प्रकाश काही मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यात कडेने शिरतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतल्या आत उड्या घेत वरपर्यंत जातो. पत्र्याच्या पाठीवर सूक्ष्म ठिपके असतात. प्रकाश ठिपक्यावर आपटला की त्याची दिशा बदलते आणि तो पडद्याच्या बाजूने बाहेर पडतो. दिव्यांजवळ हे ठिपके विरळ आणि दूर जावे तसे दाट ठेवतात, कारण दिव्याजवळ प्रकाश भरपूर असतो आणि दूरवर तो पुरवून वापरायचा असतो. ही योजना मोठी हुशारीची आहे, याबद्दल मला शंका नाही. पण सव्वा मीटर रुंद आणि पाऊण मीटरच्या जवळपास उंच पत्र्यावर एका कडेच्या दिव्यांनी सारखा उजेड पसरवायचा म्हणजे पत्रा जरासा वाकला, चौकट कोठे जरा आवळली गेली किंवा मागचा परावर्तक कागद सुटला, की लगेच ते पडद्यावर दिसते. मागे दिवे असलेल्या टीव्हीत दिव्यांच्या ठिणग्या वेगवेगळ्या दिसू नयेत म्हणून दिवे आणि प्रकाश पसरवणारा पडदा यांच्यात काही सेंटीमीटर मोकळी जागा लागते. जाडी येते ती त्या मोकळ्या जागेमुळे. विक्रेता जिला जुनाट म्हणत होता, ती जाडी बहुतेक हवेचीच असते.

दिवाळीत पाहुण्यांच्या गर्दीत, दिवे लावून, दिवसाउजेडी पाहताना टीव्हीबद्दल एकही तक्रार नव्हती. रंग तजेलदार होते, अक्षरे कोरल्यासारखी होती. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा, झाली आणि भाच्याने यात्रेचे तीन दिवस मोबाइलवर चित्रित करून पेन ड्राइव्हमधून आणले. कोणत्याही प्रयोगशाळेने इतकी चोख परीक्षा घेतली नसती. संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्याच्या वेळी पांढऱ्या बाराबंदीतील माणसांचा समुद्र असतो, आणि किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर काळ्या आकाशात शोभेचे दारूकाम होते. म्हणजे एका टीव्हीला पांढरा किती पांढरा आणि काळा किती काळा, हे दोन्ही प्रश्न एकाच पेन ड्राइव्हने विचारले.

पहिला प्रश्न अक्षतांचा. कॅमेरा गर्दीवरून हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरतो, तेव्हा पडद्यावर उभे, मळकट पट्टे जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यामागून पांढरी गर्दी सरकते. धुळीच्या काचेमागून पाहिल्यासारखे वाटते. स्थिर चित्रात हे पट्टे जाणवत नाहीत. क्रिकेट पाहताना चेंडू सीमेकडे जातो आणि कॅमेरा हिरवळीवरून धावतो, तेव्हा ते पुन्हा दिसतात, आणि एकदा दिसले की नजर त्यांनाच शोधू लागते. घरातील इतरांना मी हे दाखवून दिले याबद्दल मला आजही बोलणी खावी लागतात, आणि ती रास्त आहेत.

दुसरा प्रश्न दारूकामाचा, आणि तेथे टीव्ही साफ उघडा पडला. खोलीतील दिवे मालवले, खिडकीवर जाड सोलापुरी चादर टांगली आणि चित्रफीत लावली. आकाश काळे नव्हते. पावसाळ्यातील संध्याकाळचे असावे तसे करडे-निळसर होते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून टॉर्चचा झोत पडावा तसा उजेड आत येत होता आणि मधोमध ढगांसारखे दोन-तीन फिकट डाग होते. बाण वर जाऊन फुटला की त्या बाणाखालची पट्टी खालपासून वरपर्यंत उजळत असे आणि ठिणग्या विझल्या की क्षणभराने मंदावत असे. यालाच विक्रीच्या कागदावर लोकल डिमिंग म्हटले आहे. दिवे फक्त खालच्या कडेला असल्यामुळे त्यांना स्वतंत्रपणे मंद करता येते ते उभ्या पट्ट्यांतच; एका ठिणगीसाठी अख्खा खांब पेटवावा लागतो. चित्रपटाखाली येणाऱ्या पांढऱ्या उपशीर्षकांनीही हेच होते: अंधाऱ्या दृश्यात कोणी बोलू लागले की मधला अर्धा पडदा फिकट पडतो आणि बोलणे थांबले की गडद होतो. चार दिवसांत मी ही सोय बंद करून टाकली. काळा थोडा कमी काळा झाला, पण निदान स्थिर राहिला.

काळा रंग करडा का दिसतो, याचे दुसरे कारण पॅनेलच्या जातीत आहे आणि त्याचा जाडीशी थेट संबंध नाही, म्हणून ते वेगळे सांगतो. एलसीडी पॅनेलच्या दोन मुख्य जाती आहेत. व्हीए जातीत पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे प्रमाण साधारण तीन हजारास एक ते पाच हजारास एक इतके असते. आयपीएस जातीत ते हजारास एकच्या आसपास राहते. पडद्याचा पांढरा ३०० निट (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) असेल, तर पहिल्यात काळा सुमारे ०.१ निट आणि दुसऱ्यात ०.३ निट पडेल. आकडे किरकोळ वाटतात, पण अंधाऱ्या खोलीत डोळ्यांना तिप्पट उजेड लगेच कळतो. कोणती जात आहे हे खोक्यावर लिहिलेले नसते. टॉवेलच्या कारखान्यात असलेल्या एका मित्राकडून मी कापडातील ताणे-बाणे मोजण्याचे भिंग आणले आणि पांढऱ्या चित्रावर ठेवले, तर लाल-हिरव्या-निळ्या बिंदूंच्या पट्ट्या बाणाच्या टोकासारख्या मोडलेल्या दिसल्या. ही आयपीएसची खूण. टीव्ही घेणाऱ्याने असे भिंग खिशात ठेवून दुकानात जावे. सोलापुरात ते मिळायला अडचण नाही.

पण याच जातीमुळे टीव्हीची एक बाजू उजवी ठरते. आमच्या आईचा पलंग खोलीच्या कोपऱ्यात आहे आणि ती दुपारच्या मालिका बरीच तिरपी बसून पाहते. आयपीएस पॅनेलचे रंग बाजूने पाहिले तरी फारसे उतरत नाहीत, त्यामुळे तिला चित्र अगदी नीट दिसते, आणि दुपारी खिडक्या उघड्या असताना करड्या काळ्याची अडचण कोणालाच येत नाही. घरात सर्वांत जास्त वेळ टीव्ही तीच पाहते. तिच्या हिशेबाने हे परीक्षण इथेच संपते आणि टीव्ही उत्तीर्ण होतो.

विजापूर रोडवर राहणाऱ्या आमच्या मेव्हण्यांनी त्याच सुमारास, जवळपास त्याच किमतीत, ५५ इंचीच पण मागे दिव्यांची पूर्ण जाळी असलेला टीव्ही घेतला. तो बाजूने पाहिला तर सात-आठ सेंटीमीटर जाड आहे आणि आम्ही दिवाळीत त्याला हसलो होतो. तीच पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे लावली. आकाश काळे होते, कोपरे शांत होते आणि पांढऱ्या गर्दीवर पट्टे फारच पुसट होते. त्या टीव्हीत दिव्यांचे काही डझन चौकोनी विभाग स्वतंत्रपणे मंद होतात, त्यामुळे बाण फुटला की त्याच्याभोवतीच थोडे तेजोवलय पसरते आणि बाकी आकाश तसेच राहते. ते वलय मात्र दिसते. विद्युत दिव्यांनी सजलेले नंदीध्वज, म्हणजे यात्रेतील मानाच्या उंच काठ्या, अंधारातून पुढे येतात त्या दृश्यात प्रत्येक काठीभोवती धुक्याचा एक पट्टा चालत होता, आणि मेव्हण्यांनाही तो मान्य करावा लागला. शिवाय पॅनेल व्हीए असल्यामुळे मी सोफ्याच्या टोकाला सरकलो तेव्हा चेहरे फिके पडले. आईला तो टीव्ही आवडला नसता. तरीही रात्री समोर बसून चित्रपट पाहायचा असेल, तर दोन्ही टीव्हींत तुलना होऊ शकत नाही, आणि त्यासाठी त्यांनी जास्तीचा एक रुपयाही मोजलेला नाही, हे मला अधिक लागते.

विक्रीच्या कागदावर आमच्या टीव्हीचा कॉन्ट्रास्ट दशलक्षांत लिहिलेला आहे. तो आकडा एका वेळच्या चित्राचा नसतो. पूर्ण पांढऱ्या पडद्याचा उजेड आणि दिवे जवळपास मालवून टाकलेल्या काळ्या पडद्याचा उजेड यांचा तो भागाकार असतो. आकाश आणि ठिणगी एकत्र असताना त्याचा काही उपयोग नाही. एचडीआरचेही, म्हणजे खूप उजळ आणि खूप गडद भाग एकाच चित्रात दाखवण्याच्या पद्धतीचेही, असेच. एचडीआर चित्रफीत स्वीकारणे वेगळे आणि ती दाखवण्याइतका उजेड व काळोख एकाच वेळी पडद्यावर आणणे वेगळे. ३०० निटच्या कडेने उजळणाऱ्या पडद्यावर एचडीआरची खूण कोपऱ्यात उमटते आणि चित्र बहुधा साध्यापेक्षा मंद दिसते.

कोपऱ्यांतील उजेडाबद्दल मी कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार केली. आलेल्या तरुणाने काळा पडदा लावून फोटो काढले, वर पाठवले आणि दोन दिवसांनी "मर्यादेत आहे" असे उत्तर आले. ही मर्यादा किती, हे कोठे छापलेले नाही. पण त्याच तरुणाने जाताना एक उपयोगी गोष्ट सांगितली. भिंतीवरच्या पट्टीचे स्क्रू फार आवळले असतील तर पातळ चौकट पिळली जाते आणि कोपऱ्यांतून उजेड गळू लागतो. आम्ही टीव्ही उतरवून चारही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल केले आणि मऊ कोरड्या कापडाने डागांवर अगदी हलक्या हाताने हात फिरवला. डाव्या कोपऱ्यातील झोत निम्म्याने कमी झाला. उजवा तसाच राहिला. जाड टीव्हीच्या चौकटीला असल्या नाजूकपणाची फारशी ओळख नसते.

सोलापूरच्या वाचकांसाठी उन्हाळ्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कडेच्या रचनेत सर्व एलईडी एका अरुंद पट्टीवर दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे उष्णताही तेथेच साठते, आणि त्या पट्टीला लागूनच ॲक्रिलिकचा पत्रा आणि प्लास्टिकचे पातळ थर असतात, जे तापले की प्रसरण पावतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत गरम असते. आमचा टीव्ही दुर्दैवाने त्याच भिंतीवर आहे. मार्चअखेरपासून खालच्या कडेला, उजवीकडून वीतभर अंतरावर, एक नवा फिकट डाग दिसू लागला आहे. सकाळी तो पुसट असतो आणि तीन-चार तास टीव्ही चालला की ठळक होतो. मागे दिवे पसरलेल्या टीव्हीतही उष्णता असतेच, पण ती पूर्ण पाठीवर विभागली जाते. पश्चिमेच्या भिंतीवर पातळ टीव्ही लावू नये, हे मी कोणालाही ठामपणे सांगेन. लावावाच लागला तर बॅकलाइट शेवटच्या टोकाला ठेवू नये. दुकानातील मोड घरी तसाच राहिला तर दिवे दिवसभर पूर्ण ताकदीने जळतात.

आवाज फारच सामान्य आहे. एवढ्या पातळ जागेत मोठा स्पीकर मावत नाही, तो खाली तोंड करून बसवलेला असतो, आणि तबल्याचा बायाँ ऐकू आला तर आनंद मानावा लागतो. केबलवरील साध्या वाहिन्या, म्हणजे ५७६ ओळींचे चित्र, २१६० ओळींच्या पडद्यावर ताणले जाते तेव्हा चेहरे मेणासारखे दिसतात. तो पातळपणाचा दोष नाही, मोठ्या पडद्याचा आहे. विक्रेत्याने गळ्यात मारलेला स्टॅबिलायझर मी परत केला. टीव्हीच्या पाठीवरच १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले आहे. त्याऐवजी वीज येता-जाता बसणाऱ्या झटक्यापासून वाचवणारा बोर्ड घेतला, तो पुरेसा आहे.

पातळपणासाठी अधिक पैसे मोजूनही तो दिसतो कोठे, हा प्रश्न उरतोच. भिंतीवरची पट्टी टीव्हीला सहा सेंटीमीटर पुढे उभे करते, मागे वायरी आहेत, आणि समोर बसणाऱ्याला कड कधीच दिसत नाही. ती दिसते धूळ पुसताना. आजघडीला पातळपणा आणि खरा काळा रंग दोन्ही हवे असतील तर ओएलईडी घ्यावा लागतो, कारण त्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि मागे दिवाच नसतो. किंवा मिनी-एलईडीचा, ज्यात मागचे दिवे अगदी लहान आणि हजारोंच्या संख्येने असल्यामुळे मधली मोकळी जागा कमी करता येते. टीसीएल कंपनीने असा टीव्ही २०१९ मध्ये आणला आणि आता इतरांचेही आहेत, पण दोन्हींची किंमत आमच्या अंदाजपत्रकाच्या बरीच बाहेर होती. आमच्याच किमतीत निवड करायची असेल, तर दिवसा, उजेडात, खोलीच्या चारही कोपऱ्यांतून टीव्ही पाहणाऱ्या घराने पातळ आयपीएस घ्यायला माझी हरकत नाही. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याने मेव्हण्यांसारखा जाड घ्यावा आणि हसणाऱ्यांना हसू द्यावे.

आम्ही टीव्ही बदललेला नाही. सध्या मोड सिनेमाचा आहे, बॅकलाइट शंभरपैकी दिवसा पंचावन्न आणि रात्री तीसवर, डिमिंग बंद, रंगछटा उबदार. पॅनेलची हमी आणखी दोन वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, आणि उजव्या बाजूच्या नव्या डागाचे फोटो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काढून ठेवतो. टीव्ही आणि भिंत यांच्यातील त्या सहा सेंटीमीटरच्या फटीत मी मंद पांढऱ्या दिव्यांची एक पट्टी चिकटवली आहे. मागची भिंत थोडी उजळली की डोळ्यांची बाहुली आकसते आणि पडद्यावरचा करडा बऱ्यापैकी काळा भासतो. त्या पट्टीला साडेतीनशे रुपये पडले.